खोबण बुजवलेल्या पेशी

डमडम
७ ऑक्टोबर २०२५

उन्मेष,

पाकिटावरचा पत्ता प्रयोगशाळेतल्या सलीलकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलंच नसतंस. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच. माझा फोन तू घेत नाहीस, मेल केली की तुझ्या वकिलांचं उत्तर येतं, आणि ते गृहस्थ इतके सभ्य आहेत की त्यांच्याशी भांडताही येत नाही. उरलं टपाल.

कामाचं सांगते. मला बुजवलेल्या पेशींची एक व्हायल हवी आहे. पुण्याला जाताना तू रीतसर सही करून ज्या नेल्यास, त्यांतली एक. इथे आता एकही शिल्लक नाही.

कशी शिल्लक नाही तेही सांगते, म्हणजे तुला हसून घेता येईल. दुर्गापूजेच्या आधी, गोठवलेल्या पेशींच्या टाकीसाठी नायट्रोजनची गाडी यायची होती. आली. पण आपल्या गल्लीच्या तोंडाशी यंदा मंडपाची कमान इतकी खाली बांधली होती की गाडी आत शिरेना. सलीलने मंडपवाल्यांच्या हातापाया पडून पाहिलं, त्यांनी त्याला अष्टमीच्या भोगाचं आमंत्रण दिलं. गाडी परत गेली, आणि मग सगळं शहरच सुट्टीवर गेलं. टाकीचा भोंगा वाजला असणार, पण पूजेच्या ढाक-ढोलांच्या आवाजात तो ऐकतो कोण? आज प्रयोगशाळा उघडली. टाकीचं झाकण काढलं तर आत धूर नाही, गारवा नाही, काही नाही. आपण दोघांनी वर्षानुवर्षं खपून उभ्या केलेल्या पेशी एका बांबूच्या कमानीने संपवल्या. सलील जमिनीवर बसून रडला. मला रडायलाही सवड नाही.

कारण असं. आपलं कर्करोगाचं औषध आता माणसांत गेलं आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. इथल्या एका रुग्णालयात मोजक्या बायकांना देत आहेत. त्यांतल्या एका वयस्कर बाईंच्या गाठी निम्म्याने लहान झाल्या होत्या. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. आणि आता त्यांच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आहेत, ताप चढला आहे, गोळी बंद केली आहे. रक्तात औषध तपासलं तर असायला हवं त्याच्या कितीतरी पट. ते का, कुणाला कळत नाही. महिनाअखेरीस रुग्णालयाची समिती बसेल आणि एकच प्रश्न विचारेल: हे औषध ज्या किनेजसाठी बनवलं त्यालाच धरतं, की आणखी कुठे हात घालतं?

हा तुझाच प्रश्न, भर सभेत विचारलेला. त्याचं उत्तर फक्त बुजवलेल्या पेशी देऊ शकतात. पेशीला ‘आता दोन हो’ म्हणून हुकूम सोडणारं ते किनेज, आणि औषध जिथे जाऊन बसतं ती त्यातली खोबण. ती आपण जनुकात फेरफार करून बुजवली. तिथे औषधाला थारा नाही. तरीही त्या पेशी मेल्या, तर औषध दुसरीकडून मारतं आहे, म्हणजे विष आहे. जगल्या, तर औषध खरं आहे, आणि त्या बाई सावरल्यावर ते त्यांना कमी मात्रेत पुन्हा देता येईल. दुसरं काही त्यांच्यासाठी उरलेलं नाही. तुला शिकवत नाही आहे. ओळीने लिहिलं की मलाच जरा धीर येतो.

नव्याने पेशी बनवायच्या तर पुढचा उन्हाळा उजाडेल. एवढे दिवस त्या बाईंकडे नाहीत.

एक व्हायल, उन्मेष. कोरड्या बर्फात घालून पाठव. मी तुझ्याकडे पुन्हा कधी काही मागणार नाही.

मधुवंती

डमडम
१० ऑक्टोबर

उन्मेष,

तुझं काही आलं नाही. पत्र पोचल्याची पावती आहे माझ्याकडे, तेव्हा पोचलं नाही असं म्हणू नकोस.

तू काय म्हणत असशील ते मला इथे बसून ऐकू येतं. ‘मी सांगत होतो तेव्हा ऐकलं नाहीस, आता माझ्याच पेशी माग.’ माग म्हणालास तर मागते. नाक घास म्हणालास तर तेही घासते. तू वरच्या मात्रेत बुजवलेल्या पेशी मेलेल्या दाखवल्या होत्यास, आणि मी उठून सगळ्यांसमोर म्हणाले होते की तेवढ्या मात्रेत काहीही मरतं, माणसाने मीठसुद्धा तेवढं खाल्लं तर मरेल. लोक हसले. तू हसला नाहीस. तेव्हाही तुझं चुकलं असं मला वाटत होतं आणि आजही वाटतं. पण आज मला ते वाटून भागत नाही, दाखवायला हवं.

आज त्या बाईंपाशी बसले होते. ताप उतरत नाही. तोंडात फोड आले आहेत, बोलताना त्रास होतो, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. मला म्हणाल्या, “अगं, तुझं ते औषध आत जाऊन करतं तरी काय? गोळ्या गिळतेय नुसती, कुणी नीट सांगत नाही.”

मी सांगितलं. किनेज, खोबण, बुजवलेल्या पेशी, सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे ज्या घरात तुमच्या माणसाला बसायला पाटच ठेवला नाही, तिथेही तो धुमाकूळ घालतो का, ते बघायचं.”

“हो.”

“आणि घातला तर?”

“तर तो आपला माणूसच नव्हे.”

“मग बघ की लवकर,” म्हणाल्या. “मला का विचारत बसलीस?”

तू म्हणशील, कंपनीच्या माणसाला रुग्णाच्या उशाशी बसू कसं दिलं? नियमाने बसूच नये. मी तिथे कंपनीची म्हणून जात नाही. कोण म्हणून जाते ते आज विचारू नकोस, मी शब्द दिला आहे.

त्यांच्या पोटात काही ठरत नाही. भात नको, वरण नको, दूध तर समोरसुद्धा नको. जाताना फळं नेते, सोलून, साखर भुरभुरून डब्यात भरून. तेवढं मात्र खातात. गेले काही आठवडे त्यावरच आहेत म्हणायला हरकत नाही. एक माणूस फोडी मागून खातं याचा मला इतका आनंद व्हावा, असे दिवस आले आहेत.

उन्मेष, व्हायल पाठव रे.

मधुवंती

डमडम
१२ ऑक्टोबर

उन्मेष,

शब्द मोडते आहे.

त्या बाई म्हणजे आई. तुझी आई.

मागच्या वर्षी त्यांचा जुना कर्करोग उलटला, फुप्फुसात गाठी निघाल्या. ठरलेली औषधं दोन्ही करून झाली, एकानेही दाद दिली नाही. रुग्णालयात डॉक्टरबाईंनी सांगितलं की एक नवं औषध तपासतायत, घ्याल का? आईंनी गोळीचं नाव विचारलं, ते आपल्याच औषधाचं निघालं, आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली. ‘घरात कोण काय करतं’ या प्रश्नाला त्यांनी ‘सून नोकरी करते’ एवढंच उत्तर दिलं. मला कळलं तेव्हा पहिल्या महिन्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मी ओरडले. मी म्हटलं, “आई, हे माझ्या कंपनीचं आहे, हे सांगायला हवं होतं.” त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं. आणि तू बनवलेलं मी नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं?”

मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर त्यांचं नाव कमी झालं असतं. तेवढ्यात पहिला स्कॅन आला आणि गाठी आकसलेल्या दिसल्या. सांग, तू काय केलं असतंस?

तुला कळवू नकोस म्हणून त्यांनी मला गळ्याची शपथ घातली. मी समजत होते की तू रुसून गेलास म्हणून त्याही रुसल्या आहेत. ते तसं नाही. तुला आठवतं का, जाण्याच्या आदल्या दिवशी गार्डन रीचला, आईंच्या घरी जेवताना आपलं काय झालं ते? तू म्हणालास की हे औषध माणसांना द्याल तर तुम्ही खुनी ठराल. आई ताटावरून म्हणाल्या, “मधूच्या हातून असं वाईट काही व्हायचं नाही.” आणि तू खुर्ची सारून उठलास आणि म्हणालास, “एवढा भरवसा आहे ना? मग तूच घे ते.”

तू रागात बोललास. मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. पण आता त्यांना भीती आहे ती मरणाची नाही. त्यांना काही झालं तर ते वाक्य तुझ्या मानगुटीवर बसेल, याची आहे. म्हणून तुला कळवायचं नाही. मी इतके दिवस पाळलं. आता मला पाळवत नाही, कारण काल रात्रीपासून त्यांना ऑक्सिजन लावला आहे. डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया आहे.

अशक्त झाल्याच होत्या. तरी नवरात्राचे नऊ दिवस उपास धरले, डॉक्टरांना पत्ता लागू न देता. मी चिडले तर म्हणाल्या, “बाबा गेले त्या वर्षीही मोडले नाहीत, आता गोळीसाठी मोडू?” गार्डन रीचच्या त्या घरात घट बसला, माळ चढली, रजनीताई शेजारून आरतीला आल्या. आई फळांवर राहिल्या. मी म्हटलं, पोटात काहीतरी जातंय ना, मग जाऊ दे. अष्टमीला शेजारच्या मंडपात ढाक वाजत होता आणि आई गॅलरीत बसून मला खिदिरपूरच्या गोदीतली जहाजं मोजून दाखवत होत्या. बाबांनी म्हणे लग्नानंतर त्यांना कलकत्त्यात सगळ्यात आधी तीच दाखवली होती.

मला व्हायल हवीच आहे. पण आता आधी तू ये. व्हायल घेऊन ये. माझं तोंड बघायचं नसेल तर मी सकाळी जाते, तू दुपारी जा. रजनीताईंकडे किल्ली आहे.

मधुवंती

डमडम
१४ ऑक्टोबर

उन्मेष,

काल पेटी आली. कोरड्या बर्फात व्हायल, झाकणावर तुझ्या बारीक अक्षरात तारीख, आणि वर चिठ्ठी: “ही शेवटची. यापुढे लिहू नये.”

चिठ्ठी वाचून मी तिथेच स्टुलावर बसले. मग पेटीवरची तारीख पाहिली. तू ही पाठवलीस तेव्हा माझं तिसरं पत्र तुला मिळालं नव्हतं. तुला आईंचं कळलं नव्हतं. हे मी स्वतःला दहादा समजावलं, तेव्हा कुठे उठता आलं. सलील म्हणाला, “दीदी, आगे काज.” आधी काम. खरं आहे.

पेशी काल उठवल्या. आज पाहिलं तर बऱ्याचशा मेलेल्या, पाण्यावर तरंगताहेत. तळाशी चिकटलेल्या थोड्या आहेत. इतक्या थोड्या की सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट सरकवत गेलं तर रिकामंच रिकामं दिसतं, आणि मग एकदम एखादी, अंग पसरून बसलेली. एक दोन होण्याच्या बेतात होती. मी तिच्याकडे बघत किती वेळ बसले कुणास ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा एका पेशीला मी हात जोडले. तू असतास तर म्हणाला असतास की कर्करोगाच्या पेशीला जगण्यासाठी आशीर्वाद देणारी ही पहिलीच बाई.

संध्याकाळी आईंना सांगितलं की पेशी आल्या. मास्कमधून म्हणाल्या, “कुणी पाठवल्या?” मी म्हटलं, “पुण्याहून आल्या.” भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या त्या माझ्याकडे वळल्या, आणि डब्यातल्या चार फोडी खाल्ल्या.

माझं तिसरं पत्र आज तरी तुला मिळालं असेल. मी फोन उशाशी घेऊन बसते आहे. कुठल्याही नंबरवरून कर, दुसऱ्याच्या फोनवरून कर. नुसतं ‘येतो’ म्हण.

मधुवंती

गार्डन रीच
२३ ऑक्टोबर

उन्मेष,

रजनीताई म्हणाल्या, तुझा फोन आला होता, तू उद्या दुपारच्या विमानाने येतो आहेस. माझी मागची दोन्ही पत्रं इतके दिवस सोसायटीच्या पेटीत पडून होती आणि तू दिवाळीसाठी बाहेरगावी होतास, हेही त्यांनी सांगितलं. मी तुला इतके दिवस मनातल्या मनात काय काय बोलले त्याबद्दल माफ कर.

किल्ली आणि हे पत्र त्यांच्यापाशी ठेवते आहे. विमान उतरतं डमडमला आणि मी राहते डमडमला, तेव्हा मला घ्यायला येता आलं असतं. येत नाही. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. वाच आणि मग रुग्णालयात जा. डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत, मुलाला बोलवायचं तर आताच बोलवा. पांढऱ्या पेशी चढायला लागल्या आहेत, पण दोन्ही फुप्फुसं भरली आहेत. आई ओळखतात, बोलतात, थकतात.

काल आपल्या पेशींचा निकाल लागला. रोजच्या गोळीने रक्तात जेवढं औषध असायला हवं तेवढ्या मात्रेत साध्या पेशी थांबल्या आणि बुजवलेल्या पेशी मजेत वाढल्या, जणू काही झालंच नाही. औषध खरं आहे. मग आईंच्या रक्तात प्रत्यक्षात सापडलं तेवढ्या मात्रेतली प्लेट पाहिली. तिथे बुजवलेल्याही सगळ्या मेल्या. म्हणजे तूही बरोबर होतास. आपण दोघंही बरोबर होतो, आणि बरोबर असण्याच्या नादात आपण घर मोडलं.

तरी सलील नाचायचा बाकी होता. समितीला दाखवायला उत्तर मिळालं होतं: औषध निर्दोष, मात्रा तेवढी सांभाळा. फक्त ती मात्रा एवढी वर गेली कशी, एवढंच कोडं होतं. त्याने आनंदाने जेवणाचा डबा उघडला. बायकोने बाताबी लेबू कालवून दिलं होतं, मीठ, साखर, हिरवी मिरची घालून. “एकटु खान ना, दीदी, आज तो खेतेई हबे.” थोडं घ्या, आज खायलाच हवं म्हणे. मी एक फोड उचलली. तोंडाशी नेली. आणि माझा हात तिथेच राहिला.

पपनस, उन्मेष. ते ज्याला बाताबी लेबू म्हणतात ते आपलं पपनस. मी नवरात्रापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, डमडमच्या बाजारातून पिशवी भरून आईंना नेत होते ते पपनस.

तुला आता पुढचं सांगायला नको. पण मी लिहिणार, कारण मला ते लिहायलाच हवं. रुग्णांना दिलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की ग्रेपफ्रूट खाऊ नये. आतड्यात आपलं औषध मोडणारं जे विकर आहे ते त्या फळाने बंद पडतं, आणि एका गोळीच्या जागी दोन-तीन गोळ्या गिळल्यासारखं औषध रक्तात उतरतं. ते वाक्य मसुद्यात मीच घातलं होतं. कलकत्त्याच्या बाजारात ग्रेपफ्रूट औषधालाही मिळत नाही, म्हणून कुणी दुसऱ्यांदा वाचलं नाही. आणि त्याचं सख्खं भावंड इथे प्रत्येक कोपऱ्यावर ढीग लावून विकतात. त्या किनेजच्या खोबणीत कुठला अणू कुठे बसतो हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. माझ्या हातातल्या पिशवीत काय आहे ते मला दिसलं नाही.

मी सोलायचे, उन्मेष. तो जाड साल काढायचा खटाटोप, पांढरं कडू अस्तर काढायचं, एकेक फोड मोकळी करायची. त्यांना सोलता येत नव्हतं म्हणून मी सोलायचे. त्यांनी आणखी मागितलं की मला धन्य वाटायचं.

कालच मी रुग्णालयाला सगळं लेखी कळवलं: फळ, आणि त्या माझ्या सासूबाई आहेत हेही. लगेच बाकीच्या बायकांना फोन गेले. खिदिरपूरच्या एका बाईंच्या पांढऱ्या पेशी उतरायला लागल्या होत्या, त्यांच्या अंगणातच बाताबी लेबूचं झाड आहे. त्यांना वेळेत थांबवलं. मला कंपनीने घरी बसायला सांगितलं आहे. ठीक आहे. मला आता तसंही कुठे जायचं नाही.

मग आईंना सांगितलं. तू मला भित्री म्हणायचास, पण एवढं केलं मी. त्यांचा हात हातात धरून सांगितलं की तुमचं हे जे झालं ते माझ्या हाताने झालं. त्यांनी मास्क बाजूला सारला.

“म्हणजे तुझं औषध चांगलं आहे?”

“चांगलं आहे, आई.”

“मग झालं तर.”

“झालं काय, आई? मी तुम्हाला…”

“अगं, मला तेवढंच गोड लागत होतं,” म्हणाल्या. मग जरा दम खाऊन, “उन्मेषला यातलं बोलू नकोस. तो तुला कधी जवळ करायचा नाही. मी सांगेन त्याला, मीच आणवून खाल्लं म्हणून.”

मी म्हटलं, “कुणाकडून आणवलंत म्हणाल, रजनीताईंकडून? त्याला खरं वाटेल का?”

“आईने सांगितलं की वाटतं,” म्हणाल्या.

ऐकत होते आणि पदराने तोंड दाबून धरलं होतं. वॉर्डात रडायची परवानगी नाही. तू मला परत मिळावास म्हणून हे लिहीत नाही आहे. तू माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण या घरात आता कुणी कुणापासून काही लपवायचं नाही, निदान माझ्याकडून तरी नाही.

फ्रिजवर एक पपनस आहे. नवरात्रात आणलेल्यांतलं सगळ्यात मोठं. आईंनी तेव्हाच बाजूला काढून ठेवलं होतं, कुणाला हात लावू दिला नाही. मी विचारलं नाही, कुणासाठी ते कळत होतं. लहानपणी तू त्याच्या सालीची टोपी करून घालायचास म्हणे. साल सुकली आहे, पण असं फळ आत रसाळ राहतं. ते टाकून द्यायला काल मी दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. तुला ते चालतं. तुला त्याची काही बाधा नाही.

आता एकच मागते, आणि हे खरंच शेवटचं. उद्या तू गेलास की आई तुला दोन गोष्टी सांगतील, मला त्यांनी आधीच बजावून ठेवलं आहे. एक, पपनसं त्यांनी रजनीताईंकडून आणवून घेतली, मधूला पत्ताही नव्हता. आणि दुसरी, तू जाताना जेवणावरून उठून काय बोललास ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं, नळ चालू होता.

दोन्ही खोटं आहे. तू दोन्ही वेळा ‘हो’ म्हणून मान हलव.

मधुवंती